६० मतांचं गणित आणि नाराज मतदार

अमेरिकेत ओबामांना मोठ्या आशेने निवडून देणारे उदारमतवादी वर्षभरातच का रुसले? त्यांना खासगी कंपन्यांसोबत सरकारी आरोग्य विम्याचाही पर्याय हवा होता. पण सिनेटमध्ये अडवलेलं विधेयक मतदानाला आणायचं तर १०० पैकी ६० मतं लागतात. सिनेटर जो लीबरमन अडून बसले आणि डिसेंबर २००९ मध्ये तो पर्याय वगळावा लागला. मार्च २०१० मध्ये कायदा झाला, तो अर्धामुर्धाच.

नाराजी रास्त होती. पण याच कायद्यामुळे २०१४ पासून, जुना आजार आहे म्हणून कंपनीला आरोग्य विमा नाकारता येत नाही. तडजोडीत काय सुटलं ते जरूर विचारा. हाती काय लागलं, तेही मोजा. रुसून घरी बसलेल्या मतदाराला पुढच्या तडजोडीत कोण विचारणार?