यादी आपो, साहेब

‘गाडी आली’ हा निरोप सुरतेतल्या लिंबायतच्या रस्त्यावरच्या भाजीबाजारात गाडीच्या आधी पोहोचतो. पुढच्या चौकातल्या केळीवाल्याचा फोन येतो आणि मिनिटाभरात रस्त्याचं रूप पालटतं. जमिनीवर पाथरणं अंथरून बसलेल्या बाया त्याची चार टोकं धरून गाठोडं बांधतात, हलक्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, गल्लीत शिरतात. भरलेली लारी मात्र जागची हलत नाही. पहाटे सरदार मार्केटमधून आणलेली गिलकी, भेंडी, मेथी आणि भरताची वांगी तिच्यावर असतात. त्यातला बराचसा माल उधारीचा असतो. दबाण, म्हणजे अतिक्रमण, हटवणारं महापालिकेचं पथक पोहोचतं तेव्हा तिची मालकीण तिथेच उभी असते. पुढची पाच मिनिटं कशी निभवायची, हे या बाया एकमेकींना शिकवतात. त्यांच्यात बसून मी ते शिक्षण पाहिलं.

लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांत खानदेश वसलेला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून सुरत-भुसावळ रेल्वेने माणसं आली, ती लूम्सवर, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आणि रिंग रोडच्या साडी मार्केटात पार्सल उचलायला लागली. घरातल्या बायकांपैकी कित्येकींनी भाजी धरली. घरात अहिराणी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि साहेबाशी गुजराती, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. साहेबाशी बोलायच्या गुजरातीचा सराव दुपारी होतो, कारण बारा ते चार धंदा मंद असतो.

सराव एका ओट्यावर चालतो. या रस्त्यावर उभं आयुष्य काढलेली एक मावशी अधिकारी होते. नवी सून रिकाम्या कॅरेटपाशी उभी राहते आणि तेच कॅरेट लारी समजायचं. मावशी दरडावते, “लारी उपाडो!” सुनेचा हात आपोआप कॅरेटवर जातो आणि मावशी तिथेच थांबवते. पहिला धडा हाताचाच आहे. पथकातला माणूस लारी ओढू लागला की आपण दुसऱ्या बाजूने ओढायची नाही. ओढाताणीत धक्का लागतो, कुणीतरी पडतं आणि भाजीचं प्रकरण सरकारी कामात अडथळ्याचं होऊन बसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 221 अडथळ्याचं आहे आणि कलम 132 सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळजबरी केल्याचं. मावशीला कलमांचे आकडे ठाऊक नाहीत. “माल गेला तर उद्या येईल, केस लागली तर वर्षं जातील,” एवढं तिला पक्कं ठाऊक आहे.

दुसरा धडा चाकूचा. कोबी आणि गंगाफळ कापायला चाकू हाताशी असतोच, वादाच्या वेळीही तो हातातच राहून जातो. गाडी दिसताक्षणी चाकू कॅरेटखाली सारायचा आणि दोन्ही हात समोर दिसतील असे ठेवायचे. सुनेकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतलं गेलं. विचार करायला वेळ नसतो तेव्हा हाताला आधीच माहीत असावं लागतं.

तिसरा धडा लोकांचा, आणि मला तो सगळ्यात अवघड वाटला. पथक थांबलं की मागे मोपेडवाले अडकतात आणि हॉर्न वाजवतात. दुकानदार म्हणतो, बरं झालं, रोज दारात लारी लावतात. शेजारची पोरं मोबाइल काढतात, कुणी दीर नाहीतर भाचा तावातावाने पुढे येतो. मावशीचा क्रम ठरलेला आहे. आधी मोपेडला वाट करून द्यायची, कारण अडकलेला माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो. मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, “ताई, पिशवी घ्या, पैसे नंतर द्या, तुम्ही बाजूला व्हा.” घरच्या पुरुषाला नावाने हाक मारून मागे उभं करायचं. साहेबाशी बोलायचं ते एकीनेच. ती नव्या पोरींना अहिराणीत सांगते, “कमी बोलानं, पुरं आयकानं.”

हात, चाकू आणि गर्दी आवरली की सगळ्यात महत्त्वाचं वाक्य येतं: “साहेब, लई जाओ, पण मालनी यादी आपो, सही करीने आपो.” म्हणजे, घेऊन जा, पण मालाची यादी द्या, सही करून द्या. एवढं म्हणून गप्प राहायचं. सुनेला ते पाठ होतं, पण मावशी अंगावर ओरडली की आवाज चिरका व्हायचा आणि वाक्य विनवणीसारखं यायचं. मावशीने तिला श्वास घेऊन, समोरच्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघत बोलायला लावलं. डोळ्याला डोळा भिडवला तर आव्हान वाटतं आणि मान खाली घातली तर ऐकूच जात नाही. अखेर ते वाक्य भाव सांगावा तसं साध्या आवाजात आलं.

त्या वाक्यामागे कायदा आहे. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा त्या वर्षीच्या 1 मेपासून लागू झाला. त्याच्या कलम 19 नुसार माल जप्त केला तर त्याची यादी करून, अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. मागणी करून ठरलेलं शुल्क भरलं की नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकणारा माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. यादीच नसेल तर तीन कॅरेट टमाटे होते की एक, हे कोण सांगणार? म्हणून या बाया सकाळी लारी मांडून झाली की तिचा फोटो काढून ठेवतात. पथकाच्या गाडीचा नंबर आणि वेळ त्याच फोनमध्ये जाते.

हा कायदा रस्त्यावरच्या लोकांनी लढून मिळवला. अहमदाबादच्या माणेक चौकातल्या भाजीवाल्यांसाठी ‘सेवा’ संघटना 1982 साली सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्या संस्थापक इला भट्ट लहानपणी सुरतेत वाढल्या आणि इथल्याच एम.टी.बी. कॉलेजातून पदवीधर झाल्या. पुढे 2013 मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात न्यायालयाने देशभरच्या फेरीवाल्यांसाठी आदेश दिले आणि दुसऱ्या वर्षी कायदा आला.

पण कायद्याचं पूर्ण संरक्षण विक्रीच्या प्रमाणपत्राला चिकटलेलं आहे. पोलिसांसह कुणीही धंद्यात अडथळा आणू नये असं सांगणारं कलम 27 प्रमाणपत्राच्या अटी पाळणाऱ्यालाच लागू होतं. 2020 च्या स्वनिधी योजनेतून पहिलं दहा हजारांचं कर्ज मिळालेल्या बाया त्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपतात. तो कागद कर्जाचा आहे, जागेचा नाही, हेही मावशी बजावते. नसलेला हक्क सांगितला की असलेला हक्कही समोरचा ऐकत नाही.

वाहतूक पोलिसाशी बोलायची रीत वेगळी. रस्त्यात अडथळा केल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम 285 खाली पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे आधी लारी बाजूला घ्यायची, मग बोलायचं आणि दंड भरला तर पावती मागायची. घाबरवणारा प्रसंग असेल तर 112 आणि महिलांसाठीचा 181 ‘अभयम’, हे दोन नंबर ओट्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

पथकातली माणसंही मी पाहिली. उन्हात लाऱ्या उचलणारे बरेचसे मजूरच, त्यांच्यातही मराठी बोलणारे. वरून रस्ता मोकळा करायचा हुकूम आणि समोर रडणारी बाई, यांच्यामध्ये ते उभे असतात. शांत आवाजात यादी मागितली की त्यांचाही ताण उतरताना दिसतो, कारण आता काय करायचं ते ठरलेलं असतं.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. ज्याच्या दिवसभराच्या भांडवलावर घाला पडतो, त्यानेच सर्वांत शांत राहावं असं आपण धरून चालतो. या बायांनी ते कसब कमावलं, त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. पण सगळा भार त्यांच्याच अंगावर टाकणं न्याय्य नाही. कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात चाळीस टक्के जागा विक्रेत्यांना आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांना आहेत. जागा आखून आणि प्रमाणपत्रं देऊन टाकली तर रोजची ही पाच मिनिटं उरणारच नाहीत. तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील. लारी उचलणाऱ्या प्रत्येक गाडीत गुजराती, मराठी आणि हिंदीत छापलेलं यादीपुस्तक ठेवावं, आणि माल उचलण्याआधी ती यादी वाचून दाखवायचं शिक्षण पथकाला द्यावं. ओट्यावरची सून तिचा धडा शिकली आहे. पलीकडच्या बाजूलाही तो शिकवला जायला हवा.