पडद्यावरचं युद्ध आणि पुलगावचा डेपो

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ साली आला, तेव्हा बासष्टच्या पराभवाची जखम ओली होती. हिंदी युद्धपटाची खरी सुरुवात मी तिथूनच धरतो. लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरांतून माघार घेणारे जवान, आणि त्यांच्या दमलेल्या चेहऱ्यांवर रेंगाळणारा कॅमेरा. घरच्या आठवणींच्या त्या गाण्यात शत्रू कुठेच नाही. आहे ती थंडी, थकवा आणि दूर राहिलेली बायको. शेवटी बर्फात विखुरलेले देह. जिंकल्याचा आव आणायची सोय नव्हती, म्हणूनच त्या चित्रपटात माणूस इतका स्पष्ट दिसला.

पुढे १९९७च्या ‘बॉर्डर’मध्ये घरच्या आठवणींचा हा भार पत्रांवर आला. वाळवंटातल्या चौकीवर घरची खुशाली वाचणारे जवान घराघरांत पोचले. लढाई संपल्यावर जे. पी. दत्ता यांनी प्रेतं आणि मागे राहिलेली माणसं दाखवली, हे त्यांचं मोठेपण. पण तोवर प्रेक्षकाचं रक्त इतकं तापलेलं असतं, की ती माणसं मनात नीट उतरत नाहीत. २०१९च्या ‘उरी’त अंत्यसंस्काराच्या वेळी चिमुरडी मुलगी रडत रडत बापाच्या पलटणीची युद्धघोषणा देते. पाहणाऱ्याला हुंदका येतो. पण ते दुःख लगेच सूडाच्या कामी लावलं जातं. हे मला मान्य होत नाही.

२०२२च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या जर्मन चित्रपटातला सुरुवातीचा एक प्रसंग बघा. मेलेल्या सैनिकांचे गणवेश उतरवले जातात, रक्त धुतलं जातं, बायका शिलाई मशीनवर गोळ्यांची भोकं शिवतात. तोच कोट नव्या पोराच्या हाती येतो. कॉलरला आधीच्याच्या नावाची पट्टी तशीच. तो विचारतो, तेव्हा भरती करणारा पट्टी फाडून टाकतो. बंदुकीचा आवाज नाही, फक्त धुणं आणि शिवण. तरी युद्ध काय गिळतं ते कळतं.

आमच्या देवळी तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार, लोकांच्या तोंडी नुसता ‘डेपो’, देशातल्या सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एक. ३०-३१ मे २०१६च्या मध्यरात्री तिथल्या एका शेडला आग लागली आणि स्फोट झाला. रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेली ती शेड. १९ जीव गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी, आणि बरेचसे आग विझवायला धावलेले अग्निशमन जवान. आगरगाव, नागझरीच्या लोकांना रात्रीच घरदार सोडावं लागलं. २० नोव्हेंबर २०१८ला सोनेगाव (आबाजी)जवळ, जुना दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर, पेट्या उतरवताना पुन्हा स्फोट झाला. सहा जण गेले. बहुतेक मजुरी करणारे. दोन्ही वेळा सीमेवर युद्ध चालू नव्हतं.

‘हकीकत’पासून साठ वर्षं झाली, आपल्या गाजलेल्या युद्धपटांचा कॅमेरा चौकीवर गेला, जवानाच्या अंगणात गेला, कोठाराच्या कुंपणाशी मात्र थांबला नाही. आगीचा बंब घेऊन आत शिरणारी माणसं, पेटी खांद्यावर घेणारा मजूर, अंधारात रस्त्यावर आलेलं गाव, हे सगळं युद्धाच्याच हिशेबात धरायला हवं. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या तरुण दिग्दर्शकाने हे काम हाती घ्यावं, आणि लवकर घ्यावं. त्या रात्री घर सोडून निघालेली माणसं याच गावांत आहेत. त्यांना जाऊन विचारता येतं.