विश्लेषण : कुकी पुसल्या, तरी ओळख उरते ती कशी? ‘ब्राउझर फिंगरप्रिंटिंग’मध्ये मराठी वापरकर्ता अधिक उठून का दिसतो?

आंबेगाव तालुक्यात ‘अवसरीचा आहे’ एवढे सांगून भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला : बुद्रुक की खुर्द? या एका उत्तराने एक गाव बाद होते. मग वस्ती कोणती, भावकी कोणती, असे आणखी चार प्रश्न झाले की नाव न विचारताही माणूस सापडतो. इंटरनेटवर नाव किंवा मोबाइल क्रमांक न घेता वापरकर्ता हुडकण्याचे तंत्र याच वाटेने जाते. त्याला ‘ब्राउझर फिंगरप्रिंटिंग’ म्हणतात. अवसरी बुद्रुकमध्ये बसून मंचर बाजार समितीतले भाव पाहणाऱ्यालाही ते लागू पडते.

ब्राउझरचा ठसा म्हणजे काय?

कोणतेही संकेतस्थळ उघडताना ब्राउझर स्वतःविषयी बरीच माहिती देतो : ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, पडद्याचा आकार किती, भाषा कोणती, घड्याळ कुठल्या देशाचे. पान नीट दिसावे यासाठी यातली बरीच माहिती लागतेही. पण ती एकत्र केली की तिचा ठसा तयार होतो. पानामागे चालणारी स्क्रिप्ट आणखी खोलात जाऊ शकते. ती वापरकर्त्याला न दिसणारे चित्र ब्राउझरकडून काढून घेते. ग्राफिक्स चिप, तिचे सॉफ्टवेअर आणि फॉन्ट यांनुसार त्या चित्रात सूक्ष्म फरक पडतात. ‘कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग’ची ही पद्धत २०१२ मध्ये संशोधकांनी मांडली.

किती प्रश्नांत ओळख पटते?

गर्दी निम्मी करणारे १० प्रश्न विचारले, तर १,०२४ जणांतून एक निवडता येतो. २० प्रश्नांत दहा लाखांतून आणि ३३ प्रश्नांत जगाच्या संपूर्ण लोकसंख्येतून. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ‘पॅनोप्टिक्लिक’ या प्रयोगात ४ लाख ७० हजारांहून अधिक ब्राउझर तपासले. त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. मात्र २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी २० लाखांवर ठसे तपासले, तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्के भरले. मोबाइलमध्ये तर १८.५ टक्केच. एकाच मॉडेलचे फोन पुष्कळांकडे असतात आणि त्यांत फारसे बदल केलेले नसतात, हे त्यामागचे मोठे कारण.

कुकी पुसून किंवा इन्कॉग्निटोने फरक पडतो का?

कुकी ही संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या उपकरणात ठेवलेली चिठ्ठी असते. ती पुसता येते. ठसा उपकरणात ठेवलेलाच नसतो, दर वेळी नव्याने मोजला जातो. त्यामुळे पुसण्यासारखे काही नसते. इन्कॉग्निटो विंडो बंद केली की फोनमधला इतिहास आणि कुकी जातात. पण पडदा, चिप आणि भाषा त्याच राहतात. मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात. त्या घोळक्यातून एकाला वेगळे काढायला ठसा कामी येतो.

मराठी वापरकर्ता उठून का दिसतो?

ठशाचे गणित गर्दीवर चालते. घड्याळाची वेळ संपूर्ण भारतात एकच, म्हणून त्यातून फारसे कळत नाही. भाषा मात्र बोलते. जगभरच्या गर्दीत ब्राउझरची पसंतीची भाषा इंग्रजी ठेवणारे असंख्य. मराठी ठेवणारे त्या मानाने थोडे. ‘मराठी’ या एका उत्तराने गर्दी एकदम आटते.

फॉन्टचेही तसेच. स्क्रिप्ट एखादा शब्द वेगवेगळ्या फॉन्टमध्ये मांडून त्याची रुंदी मोजते. रुंदी बदलली तर तो फॉन्ट संगणकात आहे, हे तिला कळते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करणाऱ्या दुकानातल्या संगणकात श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वर्षानुवर्षे साठलेले असतात. अशी यादी दुसऱ्या संगणकात जशीच्या तशी सापडणे कठीण. म्हणजे उपकरण जितके आपल्या सोयीचे, तितके ते ओळखायला सोपे.

गोपनीयता जपणारे ब्राउझर काय करतात?

त्यांच्या मुख्य वाटा तीन. पहिली : सगळ्यांना सारखे दाखवणे. टॉर ब्राउझर आणि २०२३ मध्ये आलेला मुलवड ब्राउझर हे करतात. दुसरी : ठसा सतत बदलता ठेवणे. ब्रेव्ह काही उत्तरांत किंचित फेरफार करतो, त्यामुळे एका संकेतस्थळाला दिसलेला ठसा दुसऱ्याच्या ठशाशी जुळत नाही. तिसरी : ठसे घेणाऱ्यांना अडवणे. फायरफॉक्स जानेवारी २०२० पासून माहीत असलेल्या अशा स्क्रिप्ट मुळातच रोखतो. खासगी विंडोत तो संगणकासोबत आलेले आणि भाषा संचातले फॉन्टच संकेतस्थळांना दिसू देतो.

या संरक्षणाची किंमत मराठी वाचकाला वेगळी मोजावी लागते. पाने इंग्रजीतच मागवली तर ओळखणे अवघड जाईल, असे टॉर ब्राउझर सुचवतो. म्हणजे गर्दीत मिसळायचे तर आपली भाषा झाकायची. फॉन्ट लपवले की जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर बेतलेली पाने अगम्य अक्षरांत दिसू शकतात. शिवाय बँका अनोळखी उपकरणावरून झालेला व्यवहार ओळखण्यासाठीही अशाच खुणा वापरतात. ठसा बदलत राहिला तर ओटीपी आणि पडताळणीचा त्रास वाढू शकतो.

कंपन्या आणि कायदा कुठे आहेत?

गुगलने क्रोममधून तृतीय पक्षाच्या कुकी हद्दपार करण्याची योजना २०२० मध्ये जाहीर केली आणि २०२४ मध्ये ती गुंडाळली. फेब्रुवारी २०२५ पासून तर जाहिरातदारांवर असलेले फिंगरप्रिंटिंगचे बंधनही सैल केले. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने या निर्णयाला बेजबाबदार म्हटले. 

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक विदा, अशी कायद्याची व्याख्या आहे. पण फिंगरप्रिंटिंगचा नावानिशी उल्लेख त्यात नाही. कुकीसाठी निदान संमतीची चौकट समोर येते; ठसा घेताना काहीच दिसत नाही.

मग करायचे काय?

मोबाइलवर मुळातच ठसाविरोधी संरक्षण असलेला ब्राउझर घ्यावा आणि तो अद्ययावत ठेवावा. त्यात एक्स्टेन्शनची गर्दी करू नये. प्रत्येक एक्स्टेन्शन ही नवी खूण ठरू शकते. बँकेसाठी एक आणि इतर वाचनासाठी दुसरा ब्राउझर ठेवणे सोयीचे. आपला ठसा किती वेगळा आहे, हे त्याच अमेरिकी संस्थेच्या ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ पानावर तपासता येते. आणि भाषा? ती बदलण्याची घाई सगळ्यांनी करण्याचे कारण नाही. ओळख उघड झाल्याने ज्यांना खरोखर धोका आहे, त्यांनी टॉरचा सल्ला ऐकावा. इतरांनी मराठी ठेवली तर प्रत्येक नव्या मराठी ब्राउझरमागे ही गर्दी थोडी वाढते, आणि तिच्यातला प्रत्येक जण तेवढाच कमी उठून दिसतो.