मीठ जाईल तिथे पाणी

भाईंदरची मिठागरे आपण कधी ना कधी लोकलच्या खिडकीतून पाहिलेली असतात. भरतीचे खारे पाणी आगरात घ्यायचे, ऊन ते आटवते आणि मीठ मागे उरते. आपल्या शरीरात मात्र मीठ आणि पाण्याची अशी फारकत सहज होत नाही. मीठ थांबले की त्याच्यासोबत पाणीही थांबते. रक्तदाबाचे बरेचसे गणित या एका गोष्टीत आहे.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा परत रक्तात घेतला जातो. किती परत घ्यायचा, हे मुख्यतः संप्रेरके म्हणजेच हार्मोन्स ठरवतात.

मे महिन्यात गर्दीच्या गाडीतून घामाघूम होऊन घरी आलात, की रक्तातले पाणी कमी झालेले असते. मेंदू लगेच तहान जागी करतो आणि ‘एडीएच’ हे संप्रेरक सोडतो. त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि लघवी कमी व गडद होते. रक्तदाब उतरू लागला, तर मूत्रपिंडे स्वतः ‘रेनिन’ सोडतात. त्यातून पुढे ‘अँजिओटेन्सिन’ तयार होते आणि रक्तवाहिन्या आकसतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून ‘अल्डोस्टेरॉन’ येते आणि मीठ रोखले जाते. उलट रक्त जास्त झाले, तर ताणलेले हृदयच एक संप्रेरक सोडून मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगते.

ही व्यवस्था टंचाईत जीव वाचवते. अडचण होते ती सुबत्तेत. लोणचे, पापड, फरसाण, खारवलेली मासळी यांतून मीठ येतच राहते. सलाइनच्या १ लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. म्हणजे तेवढे जादा मीठ अंगात साठले, तर साधारण लिटरभर पाणी सोबत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे.

दाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की मूत्रपिंडांतल्या नाजूक चाळण्या झिजतात. झिजलेल्या मूत्रपिंडांना मीठ नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून दाब आणखी चढतो. या दुष्टचक्रात बहुधा काहीच दुखत नाही, म्हणूनच ते उशिरा कळते.

आपल्या गोळीचे नाव ‘सार्टन’ने संपत असेल, तर ती अँजिओटेन्सिनला अडवते, ‘प्रिल’ने संपत असेल, तर ते तयारच होऊ देत नाही. दाब नॉर्मल आला तो या गोळीमुळे, म्हणून ती मनाने बंद करू नये. जुलाब-उलट्या झाल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. शरीर कोरडे पडले असताना याच गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणू शकतात. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्याही परस्पर घेऊ नयेत. ‘कमी सोडियम’च्या मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम असते, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा या गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. मूत्रपिंडे तक्रार करत नाहीत, त्यांची चौकशी आपणच करावी लागते.