विज्ञानमंदिरांतील चित्रशाळा

शास्त्रज्ञ मोजमाप करणारा आणि कलावंत कल्पनेंत रमणारा, अशी सोयीची वांटणी करून समाज स्वस्थ बसतो. या समजुतीचें खंडन करणारी एक वास्तू मुंबईंत कुलाब्याच्या समुद्रकांठीं उभी आहे. ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेची होय.

डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं ही संस्था स्थापिली. विश्वकिरण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. परंतु कुंचलाही त्यांच्या हातांत तितकाच सहज फिरे. कुलाब्याच्या इमारतीचें उद्घाटन १९६२ मध्यें झालें. तिच्या भिंती रित्या राहूं नयेत, हा भाभांचा संकल्प. निधीपैकीं शेंकडा एक भाग कलाकृतींवर खर्चावा, या त्यांच्या सूचनेस पंडित नेहरूंनीं संमति दिली.

येथें आक्षेप निघतो, कीं दरिद्री देशानें सार्वजनिक पैसा चित्रांवर कां वेंचावा? त्याचें उत्तर खरेदीच्या काळांत आहे. भाभांनीं नामवंतांचीं जुनीं चित्रें जमविलीं नाहींत. धडपडणाऱ्या समकालीनांचीं घेतलीं. घरगडी म्हणून राबलेले आरा, सिनेमाचे फलक रंगविलेले हुसेन, नागपूरला जन्मलेले गायतोंडे, यांच्या कलाकृतींस तेथें स्थान मिळालें. हुसेन यांचें 'भारत भाग्य विधाता' हें भित्तिचित्र ४५ फूट लांब व ९ फूट उंच आहे.

या संग्रहाचा शास्त्राशीं संबंध कोणता? अणूंचीं चित्रें काढवून घेणें हा हेतु नव्हता. रूढ नियम तपासून पाहणें, अनावश्यक तें गाळणें आणि पसाऱ्यांतून आकृति शोधणें, ही दृष्टि दोघांसही लागते. गायतोंडे यांच्या चित्रांतून ओळखीच्या वस्तु नाहींशा होऊन केवळ रंग व अवकाश उरले. गणितज्ञही उदाहरणें सोडून तत्त्वाकडे असाच जातो.

ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अजिंठ्यास भिक्षूंच्या निवासाचे विहारच चित्रांनीं नटले आहेत. चिंतन जेथें चाले, तेथेंच चित्र होतें.

१९६६ मध्यें भाभांचें विमान अपघातांत निधन झालें. तरी त्यांच्यामागून प्रा. मेनन यांनीं संग्रह वाढविला. २०११ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्याचें प्रदर्शन भरलें. चित्रांच्या किंमती आज कितीही वाढोत, त्यांचें खरें मोल त्या भिंतींवरच आहे. समीकरण अडलें असतां संशोधक खोलीबाहेर येतो, तेव्हां समोर त्याच्यासारखाच दुसरा शोधक रंगांत बोलत असतो.