झील धरणारं पोर

पुण्याच्या माणसाला मंडई म्हटलं की मेथीची जुडी आठवते. भंडाऱ्याच्या माणसाला ढोलकी ऐकू येते. वैनगंगेच्या या मुलखात मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. धानाच्या बांध्या पिवळ्या पडलेल्या असतात, काही कापून झालेल्या असतात, माणसांच्या हाताला जरा सवड मिळालेली असते. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या. पाहुणे उतरतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. रात्री नाटक असतं. आणि त्याआधी, दुपार कलली की, कुठल्याशा मांडवाखाली खडी गंमत उभी राहते.

उभी राहते म्हणजे खरोखरच उभी. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, डफवाला उभा, ताणलेल्या तातेवर बोटं मारणारा चोनकेवाला उभा. म्हणूनच ती खडी. साडी नेसलेला नाच्या गिरकी घेतो, गमत्या मधेच एखादा टोला हाणतो. समोर दुसरा फड असेल तर ती 'दुय्यम', म्हणजे दोन शाहिरांची जुगलबंदी. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं सोडवून उलटं घालायचं, आणि लोकांनी दोघांनाही चढवायचं.

तुम्ही अर्थातच शाहिराकडे बघाल. मी म्हणतो, बघू नका. त्याच्या मागे, पार कडेला, बारा-तेरा वर्षांचं एक पोट्टं उभं आहे. हातात टाळ. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. आज आपण त्याच्याकडेच बघू, कारण आणखी दहा वर्षांनी हेच पोर पुढे उभं राहून हजारभर माणसं जागच्या जागी बसवून ठेवू शकतं. हे त्याला शिकवलं कोणी? पुस्तक नाही, फळा नाही, तास नाही, परीक्षा नाही. 'आता शीक' असंही त्याला कधी कोणी बसवून सांगितलेलं नसेल.

मग हे घडतं कसं?

टाळापासूनच सुरू करू. नव्या पोराच्या हातात आधी टाळ का देतात? स्वस्त असतो म्हणून, असं वाटेल. पण विचार करा, टाळावर सूर चुकायची सोय नाही, बोटांची करामत नाही. निर्णय एकच घ्यायचा: कधी. आणि या एका प्रश्नाचं उत्तर माणूस जन्मतःच घेऊन येतो! २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी अवघ्या दोन-तीन दिवसांच्या चौदा झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधेच त्यातला मुख्य ठोका गाळला. बाळं झोपलेलीच होती, पण मेंदूच्या नोंदीत खळबळ उमटली. ठोका यायला हवा होता, आला नाही, हे त्यांना कळलं होतं. आईचा चेहरा अजून नीट दिसत नाही, पण सम चुकलेली कळते! तेव्हा टाळ धरलेलं पोर कोऱ्या पाटीनं उभं नसतं. शाहीर त्याला ताल शिकवत नाही, आत असलेल्या तालाला हाताची जोड देतो.

आता झील. माझ्या मते सगळं गुपित इथंच आहे, म्हणून इथं जरा थांबू या.

शाहीर ओळ म्हणतो. तिचा शेवट आला की मागचे झीलकरी तो शेवट उचलतात, उंच नेतात, ताणतात आणि पुन्हा शाहिराच्या हाती देतात. वरवर पाहता ही शाहिराची सोय आहे. तासन् तास गायचं तर श्वास घ्यायला फट हवी, पुढची ओळ जुळवायला दोन क्षण हवेत. पण त्या दोन क्षणांत आपल्या टाळवाल्या पोराचं काय होतं ते बघा. ओळ त्यानं नुसती ऐकून भागत नाही, ती लगेच स्वतःच्या तोंडून काढायची आहे. ओळ आत गेली की बाहेर आलीच पाहिजे. आणि हे एकदा नव्हे, एका बैठकीत शेकडो वेळा.

आपण मुलांना पाठांतर कसं करायला लावतो? वाच, पुन्हा वाच, अजून एकदा वाच. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे गट करून हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी कमी वाचला, पण पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर आठवणारे पुढे, तेही चांगलेच पुढे! मेंदूत वस्तू ठेवण्यापेक्षा ती बाहेर काढण्यानं वाट पक्की होते, पायवाट चालून चालून होते तशी. झील म्हणजे दर ओळीला होणारी चाचणी. फक्त तिला चाचणी म्हणत नाहीत, म्हणून पोटात गोळा येत नाही.

आणि चुकलं तर? इथं मी खरोखर थक्क होतो. वर्गात फळ्यापाशी उभं केलेलं मूल चुकलं की तास थांबतो, चाळीस डोकी वळतात, ती चूक त्या मुलाच्या नावावर जमा होते. झिलेत पोर चुकलं तर आजूबाजूला चार तयार गळे असतात. चूक त्या आवाजात बुडून जाते. गाणं थांबत नाही, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. पण पोराच्या स्वतःच्या कानाला कळतं, कारण बरोबरचा सूर त्याच्या खांद्याला खांदा लावून वाजत असतो. चूक कळली, अब्रू गेली नाही, आणि सुधारायची संधी पुढच्याच ओळीला. शिक्षणाचे मोठमोठे आराखडे मांडणाऱ्यांनी एकदा मंडईला यावं, असं मला उगीच नाही वाटत.

काही पोरं ढोलकीकडे ओढली जातात. तिथं गंमत अशी की हाताआधी तोंड शिकतं. 'धा', 'तिन्', 'ना' असे बोल आधी म्हणायचे. ते जिभेवर बसले की बोटं आपोआप मागे येतात. वाद्य घरी नसलं तरी सराव चालतो, गुरं चारताना, सायकल मारताना.

पण ढोलकीतच एक नवल दडलंय. साध्या ढोलावर थाप मारली की 'ढब' होतं. सूर लागत नाही. का? तार छेडली की तिच्यातून निघणारे नाद शिस्तीत असतात: एक पट, दुप्पट, तिप्पट. कातड्यातून निघणारे नाद बेशिस्त. पहिला एक धरला तर पुढचा १.५९ पट, त्यापुढचे आणखी अडनिडे. कानाला ती गर्दी वाटते. आता ढोलकीच्या बारीक तोंडावरची काळी शाई बघा. तो गोल ठिपका सजावटीचा नाही. मधला भाग जड झाला की कातड्याचं थरथरणंच बदलतं आणि ते अडनिडे नाद ओढले जाऊन एक, दोन, तीन, चार, पाच असे ओळीत उभे राहतात. कातडं तारेसारखं गाऊ लागतं! शाई लावलेल्या आपल्या वाद्यांचं हे कोडं १९२० साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी उलगडलं, नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. शाई भरणाऱ्या कारागिरांनी ते त्याच्या कितीतरी पिढ्या आधी नुसत्या कानानं साधलं होतं.

पुन्हा आपल्या पोराकडे येऊ. चार-सहा मंडया झाल्या, आवाज फुटला, झील पक्की झाली. मग एखाद्या दिवशी शाहीर त्याला एक कडवं देतो. आणि पुढे केव्हातरी दुय्यमचा सवाल त्याच्यावर येतो. समोरच्यानं कोडं घातलंय, ढोलकी थांबणार नाही, उत्तर चालीत, यमकात आणि आत्ताच हवं. काही रचना घरून आणलेल्या असतात हे खरं, पण कोडं वाकडं आलं की तिथल्या तिथं जुळवावं लागतं. हे कसं शक्य आहे?

हाच प्रश्न मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या दोघा अभ्यासकांना १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियाच्या डोंगराळ खेड्यांत घेऊन गेला. तिथले गायक गुस्ले नावाचं एकतारी वाद्य घेऊन रात्रभर वीरगाथा गात. त्यांतल्या अवदो मेजेदोविचला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यानं सांगितलेलं एक काव्य बारा हजार ओळींच्या वर गेलं! पाठ होतं? नाही. पॅरी आणि लॉर्ड यांना आढळलं की गायकाकडे तयार तुकडे असतात, चालीत बरोबर बसणारे, आणि ते तो गाता गाता जोडत जातो. भाजीवाल्याशी घासाघीस करायला जाताना आपण वाक्यं पाठ करून जातो का? शब्द असतात, वळणं असतात, वाक्य तोंडात तयार होतं. त्या गायकाची मातृभाषाच छंदात असते, इतकंच. लॉर्डनं गायक घडण्याच्या पायऱ्याही टिपल्या: आधी नुसतं ऐकणं, मग कोणी ऐकत नसताना करून बघणं, मग लोकांपुढे अख्खं गाणं. त्याला भंडाऱ्याकडच्या साकोली-लाखनीचं नावही ठाऊक नसावं, पण आपल्या टाळवाल्याचं प्रगतिपुस्तक त्यानंच लिहून ठेवलंय.

खडी गंमत झाली फडाची. दंडार, म्हणजे इथलं नाचत-गात केलेलं लोकनाट्य, मात्र गावाची. तिथं कलावंत बाहेरून येत नाहीत. गावातलीच पोरं आणि बाप्ये दिवाळीच्या आधीपासून रात्री जमून दंडार बसवतात, बायकांची सोंगंही तेच घेतात. रांगेत एका ठेक्यावर पाय पडायला लागले की एक वेगळीच गोष्ट होते. स्टॅनफर्डमधल्या दोघा अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवलं की अनोळखी माणसं नुसती पावलाला पाऊल मिळवून चालली तरी पुढच्या खेळात एकमेकांना जास्त साथ देतात. गावातली भांडणं दंडारीत मिटतात असा दावा मी करणार नाही. तेवढा भाबडा मी नाही. पण ज्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून वाद आहे त्याच्याच ठेक्यावर महिनाभर पाय टाकायचे, हे काही थोडं नाही.

या दंडारीचा, खडी गंमतीचा आणि एकूणच झाडीपट्टीच्या, म्हणजे वैनगंगेकाठच्या या मुलखाच्या, बोलीचा ध्यास घेतला तो साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी. मराठी नाटकाचा वाढदिवस आपण ५ नोव्हेंबरला साजरा करतो, १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं म्हणून. त्याआधी झाडीत दंडार होतीच, असं झाडीची माणसं सांगतात. हा वाद इथं सोडवत नाही. पण बोलीचं एक सांगतो: झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा होतो. शाळेत ज्या उच्चारावर लाल रेघ बसते तोच उच्चार मंडईत टाळी घेतो. बारा वर्षांच्या मुलाच्या छातीत त्या टाळीचं काय होत असेल?

या पोरांपैकी काहीजण पुढे झाडीपट्टीच्या नाटकात जातात. तिथं एका हंगामात गावामागून गाव, नाटकामागून नाटक आणि सरावाला वेळ जवळजवळ नाहीच. याच रंगभूमीवर गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोग केले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे शिकणं टिकवायचे प्रयत्नही आहेत. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे, आणि लोककलांसाठी गुरू-शिष्य योजनाही आहे, गुरूला आणि शिष्यांना मानधन देणारी. चांगलंच आहे, कलावंताचं पोट काही टाळ्यांवर भरत नाही. मोबाइलवर तर हव्या त्या शाहिराची हवी ती दुय्यम मिळते, एकच कडवं शंभरदा ऐकता येतं. फक्त मोबाइल ओळीच्या शेवटाला थांबून तुमच्याकडे बघत नाही.

दिवेलागण होत आलीय. रात्रीच्या नाटकाचा भोंगा गावातून फिरतोय, लोक उठण्याच्या बेतात आहेत. शाहिराचा घसा बसलाय. कोणीतरी चहाचा कप पुढे करतं. शाहीर ओळ अर्ध्यावर सोडतो आणि कप घ्यायला वळतो. ढोलकी चालूच आहे. झीलकऱ्यांतल्या मोठ्यांपैकी एकजण नेमका पान तोंडात टाकतोय, दुसरा नाच्याशी काहीतरी बोलतोय. आणि कडेवरून, अजून पुरता न फुटलेल्या आवाजात, कोणीतरी ती अर्धी ओळ उचलतं.

शाहीर मागे वळून बघत नाही. चहा संपेपर्यंत तो वळतच नाही.