जुन्या जीपचा तुटलेला ॲक्सल-शाफ्ट

बंगळूरच्या जयचामराजेंद्र रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत. जुन्या जीपगाड्या कोडगू व चिक्कमगळूरच्या कॉफीमळ्यांत अद्याप राबताना दिसतात. अशा गाडीचा मागचा ॲक्सल-शाफ्ट तुटला, तर तो जोडावा की नवा आणावा, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. या प्रश्नाचा संबंध पैशापेक्षा जीविताशी अधिक आहे.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये गाडीचे वजन ॲक्सलच्या बाहेरील नळीवर पेलले जाई. शाफ्टचे काम केवळ चाक फिरविण्याचे. १९५३ साली अमेरिकेत निघालेल्या व पुढे महिंद्र कंपनीने भारतात बनविलेल्या सीजे-३बी गाडीत मात्र मागच्या शाफ्टला चाक फिरवावेही लागते आणि गाडीचा भारही सोसावा लागतो. येथे शाफ्ट टोकाशी तुटला, की चाकच निखळते.

असा जाड पोलादी दंड तुटतो कसा? खालच्या गिअरमध्ये या गाडीच्या इंजिनाचा पीळ सुमारे ३७ पट वाढतो. चाक चिखलात नुसते फिरत असते तोवर शाफ्टवर फारसा ताण नसतो. तेच एकाएकी दगडावर पकड घेते, तेव्हा जबर हिसका बसतो. याखेरीज वजनामुळे शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो, म्हणजे एका किलोमीटरात चारशेहून अधिक वेळा. या श्रांतीने प्रथम चावीच्या खाचेच्या कोपऱ्याशी केसाएवढी भेग पडते. तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत, कमानीसारख्या रेषा दिसल्या, तर भेग जुनी समजावी. उरलेला खरबरीत भाग अखेरच्या क्षणी तुटलेला असतो.

वितळजोड देऊन शाफ्ट सांधणे अनिष्ट होय. त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते व जोडाच्या कडेला ठिसूळ पट्टा निर्माण होतो. झिजलेला शाफ्ट लेथवर उतरविणेही तितकेच घातक, कारण पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास एकदशांशाने घटला, तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. तेव्हा शाफ्ट बदलावा हेच खरे.

शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला हब पुलर लावूनच काढावा. टोकावर घण मारल्यास आतील बेअरिंग दुखावते. आत अडकलेला तुकडा व पोलादाचा चुरा पूर्ण काढावा. नवा शाफ्ट बसविताना निमुळता भाग कोरडा व स्वच्छ हवा, चावी नवी हवी आणि नट पुरेसा आवळलेला हवा. पीळ वाहून नेतो तो या दोन निमुळत्या पृष्ठांमधील घर्षणाचा जोर. नट ढिला राहिला, की सारा भार चावीवर येतो आणि खाचेत पुन्हा भेग सुरू होते. शाफ्टला लांबीच्या दिशेने काही सहस्रांश इंचांचीच हालचाल राहील, अशा बेताने शिम घालावेत.

बाजारात वापरलेला शाफ्ट मिळाल्यास तो रॉकेलमध्ये बुडवून, कोरडा पुसून त्यावर खडूची पूड चोळावी. भेग असल्यास तीतून तेल झिरपून काळसर रेघ उमटते. दात्यांची रांग सरळ न राहता पिळलेली दिसली, तर तो शाफ्ट दुकानातच ठेवावा.